अल्गोलचा हिशेब

चाळीस वर्षांपूर्वी ज्यांनी बँकेत नोकरी केली, त्यांना डिफरन्स या शब्दाची धास्ती ठाऊक असेल. त्या काळी बँकांचे वर्ष ३१ डिसेंबरला संपत असे. बचत खात्यांच्या जाडजूड लेजरांतल्या शेकडो शिलका उतरवून काढायच्या, त्यांची बेरीज मारायची आणि ती जनरल लेजरमधल्या आकड्याशी ताडून पाहायची. आकडे जुळले तर घर. नाही जुळले तर चहा, पुन्हा बेरीज आणि पुन्हा चहा.

१९८५ सालच्या त्या रात्री सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या शाखेत २,७०० रुपयांचा फरक पडला. मी नवाच अधिकारी होतो. रात्री अकराच्या सुमारास लेजर विभागातले एक वयस्क क्लार्क माझ्या टेबलापाशी आले. लहानपणच्या टायफॉइडने त्यांचे दोन्ही कान गेले होते. बोलणे त्यांना जड जाई, म्हणून सदऱ्याच्या खिशात ते कोऱ्या चिठोऱ्या बाळगत. एका चिठोऱ्यावर त्यांनी २,७०० लिहिले, त्याला नऊने भाग देऊन ३०० काढले आणि चिठोरा माझ्यासमोर ठेवला. फरकाला नऊने नि:शेष भाग गेला, तर कुणीतरी दोन आकडे उलटसुलट लिहिले असण्याचा संभव मोठा, हा जुन्या कारकुनांचा ठोकताळा. इथे हजाराच्या आणि शतकाच्या जागांची अदलाबदल झालेली असणार आणि त्या दोन आकड्यांत तीनचे अंतर असणार. तेवढ्याच शिलका पाहायच्या ठरल्या आणि वीस मिनिटांत चूक सापडली. ४,१५० च्या जागी १,४५० पडले होते.

पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. ही रात्र मला अलीकडे पुन:पुन्हा आठवू लागली, ती एका बहिऱ्या इंग्रज मुलामुळे. त्याचे नाव जॉन गुडरिक. तो वयाच्या एकविसाव्या वर्षी वारला, त्याला आता दोनशे चाळीस वर्षे होत आली. खगोलशास्त्राच्या इतिहासात त्याचे नाव ठळक आहे. आपल्याकडे मात्र ते फारसे कुणाच्या कानावर नाही.

निवृत्तीनंतर मी आकाशदर्शनाच्या एका मंडळात जाऊ लागलो. तिथला एक तरुण अभियंता आपल्या गच्चीवरच्या दुर्बिणीने, दूरच्या ताऱ्यांसमोरून जाणाऱ्या ग्रहांची नोंद घेतो. ग्रह दिसत नाही. तो आड आल्यावर ताऱ्याचा प्रकाश किंचित उतरतो आणि तो उतार मोजायचा असतो. हे काम पगारी शास्त्रज्ञांचे नव्हे काय, अशी माझी शंका होती. तिचे उत्तर म्हणून त्याने मला गुडरिकचे चरित्र वाचायला लावले.

गुडरिकचा जन्म १७ सप्टेंबर १७६४ रोजी हॉलंडमधल्या ग्रोनिंगन गावी झाला. वडील ब्रिटिश सरकारच्या परराष्ट्र सेवेत होते आणि आजोबा सर जॉन गुडरिक हे यॉर्कशायरमधले सरंजामदार. अगदी बालपणी एका मोठ्या आजारात मुलाची श्रवणशक्ती गेली. त्या काळात बहिऱ्या मुलाला मंदबुद्धी समजून घराच्या कोपऱ्यात ठेवण्याचीच रीत होती. गुडरिक घराण्यापाशी पैसा होता आणि मुख्य म्हणजे तो खर्च करण्याची इच्छा होती. एडिंबरोला थॉमस ब्रेडवूड या शिक्षकाने १७६० मध्ये बहिऱ्या मुलांसाठी खासगी शाळा काढली होती. ब्रिटनमधली ती तशी पहिलीच शाळा. जॉनला तिथे घातले. तिथून १७७८ मध्ये तो वॉरिंग्टनच्या ॲकॅडमीत गेला. ही संस्था ऐकू येणाऱ्या मुलांची होती. त्याच्यासाठी वेगळी काही सोय नव्हती. तरी तिथून बाहेर पडला तो उत्तम गणिती म्हणून.

१७८१ मध्ये तो यॉर्कला आईवडिलांकडे परतला. यॉर्कच्या भव्य कॅथीड्रलला लागून ट्रेझरर्स हाउस नावाची जुनी वास्तू आहे, तिच्या एका भागात हे कुटुंब राहत होते. त्याच गावात एडवर्ड पिगट नावाचा दूरचा नातेवाईक होता. तो जॉनपेक्षा अकरा वर्षांनी मोठा. पिगटचे वडील वेधात मुरलेले आणि मुलगा त्यांच्या हाताखाली तयार झालेला. घरची वेधशाळा, उत्तम घड्याळे, दुर्बिणी, सगळे होते. त्याच वर्षी मार्चमध्ये बाथ गावच्या विल्यम हर्शेल या संगीतशिक्षकाने परसातल्या दुर्बिणीतून युरेनस हा नवा ग्रह शोधला होता. वेधाचा नाद असलेल्या प्रत्येक माणसाला त्यामुळे नवी उमेद आली असावी. नोव्हेंबर १७८१ पासून सतरा वर्षांच्या जॉनने आपली वेधवही लिहायला सुरुवात केली.

पिगटने ठरवलेला विषय दुर्लक्षित होता. बहुतेक सगळे तारे वर्षानुवर्षे एकाच तेजाने चमकतात. काही थोडे मात्र कमीजास्त होतात, अशा जुन्या नोंदी होत्या. त्या खऱ्या की खोट्या, ते दोघांनी तपासायचे ठरवले. त्यासाठी मोठी दुर्बीण लागत नाही. एक तारा निवडायचा, त्याच्या शेजारचे स्थिर तेजाचे तारे माप म्हणून धरायचे आणि रोज रात्री लिहायचे: आज हा त्याच्याहून उजळ, आज याच्या बरोबरीचा, आज त्याच्याहून फिका. वहीत याहून अधिक काही नाही. ढग असतील तर ढग लिहायचे.

आपण ज्याला ययाती म्हणतो त्या तारकासमूहात अल्गोल नावाचा तारा आहे. नाव अरबी, अर्थ राक्षसाचे डोके. बोलोन्याच्या मोंतानारीने सतराव्या शतकात त्याचे तेज बदलते असे नोंदले होते. पण कधी, किती, का, याचा पत्ता नव्हता. १२ नोव्हेंबर १७८२ च्या रात्री अठरा वर्षांच्या गुडरिकला अल्गोल एकदम फिका दिसला. त्याचा स्वत:च्या डोळ्यांवर विश्वास बसेना. हवेचा दोष असेल, डोळ्यांचा असेल, असे त्याने मनाशी धरून पाहिले. पण शेजारचे तारे तर जागच्या जागी तसेच होते. मग सारा हिवाळाभर तो अल्गोलवर डोळा ठेवून राहिला. तारा पुन्हा उतरला, पुन्हा चढला. वसंतापर्यंत कालावधी हाती आला: दर दोन दिवस, वीस तास आणि पंचेचाळीस मिनिटांनी अल्गोल आपले तेज गमावतो आणि काही तासांतच ते परत मिळवतो.

हा आकडा आजच्या मोजमापापेक्षा चार मिनिटांनी कमी आहे. चार मिनिटे म्हणजे काही नाही, असे वाटेल. पण वर्षात अशा सुमारे १२७ फेऱ्या होतात आणि चार-चार मिनिटांची चूक साठत जाऊन वर्षाअखेर आठ तासांवर जाते. ज्या रात्री तारा उतरायचा, त्या रात्री तो उतरतच नाही. खात्यावर न लावलेल्या व्याजासारखी ही गोष्ट आहे. दिसत नाही, पण चढत असते. गुडरिकने वेध चालू ठेवले, अधिक फेऱ्यांचा हिशेब मांडला आणि पुढच्याच वर्षी सुधारित आकडा प्रसिद्ध केला: दोन दिवस, वीस तास, एकोणपन्नास मिनिटे. आजच्या मापाशी तो जवळजवळ तंतोतंत जुळतो.

केव्हा हे कळले. का, हा प्रश्न उरला. १५ मे १७८३ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीत गुडरिकचा निबंध वाचला गेला. त्यात त्याने दोन शक्यता मांडल्या होत्या. एक तर अल्गोलभोवती एखादा मोठा काळोखा गोल फिरत असेल आणि ठरल्या वेळी आपल्या आणि ताऱ्याच्या मध्ये येत असेल. किंवा ताऱ्याच्या एका अंगावर डाग असतील आणि तारा स्वत:भोवती फिरताना ते आपल्याकडे येत असतील. दुसऱ्या सूर्याला ग्रहण लागते आणि ते पृथ्वीवरून मोजता येते, ही कल्पना इतक्या स्पष्टपणे प्रथम इथे मांडली गेली. सोसायटीने त्या वर्षीचे कॉप्ली पदक ज्यांना दिले, त्यांत या एकोणीस वर्षांच्या मुलाचा समावेश होता. शास्त्रज्ञाला त्या काळी याहून मोठा मान नव्हता.

आता चिठोऱ्याकडे येतो. गुडरिकच्या वह्या आणि कागद यॉर्कमध्ये जपून ठेवलेले आहेत. त्यांचा अभ्यास करणाऱ्यांना १७८२ च्या नोव्हेंबरातले, त्या पहिल्या रात्रीच्या लगेच नंतरचे, पिगटच्या हातचे एक टिपण सापडले. अल्गोलपेक्षा निम्म्या आकाराचा एखादा ग्रह त्याच्याभोवती फिरत असावा आणि त्याला अंशत: झाकत असावा, अशी शंका त्यात होती. म्हणजे ग्रहणाची कल्पना आधी सुचली ती पिगटला. तरीही निबंध एकट्या गुडरिकच्या नावाने गेला आणि पदक एकट्या गुडरिकला मिळाले. पिगट तीस वर्षांचा होता, नाव कमावण्याच्या भरात होता. आपला वाटा त्याने मागितला नाही. वेध मुलाचे आहेत, रात्री त्याने जागवल्या आहेत, तेव्हा मान त्याचा, असे त्याने धरले असावे. हा माझा तर्क आहे. दुसराही एक तर्क मी करतो. गुडरिकला ऐकू येत असते, तर पिगटने ती कल्पना खिडकीशी उभ्या उभ्या बोलून टाकली असती आणि ती हवेत विरून गेली असती. मित्र बहिरा, म्हणून ती कागदावर उतरली. कागदावर उतरली, म्हणून आज दोघांचेही हिशेब आपल्याला चुकते करता येतात.

१७८४ चे वर्ष या दोघांचे होते. १० सप्टेंबरला पिगटला गरुडातला एक तारा बदलताना दिसला आणि त्याच रात्री गुडरिकला अभिजितच्या शेजारचा, स्वरमंडलातला बीटा तारा. ऑक्टोबरात गुडरिकने वृषपर्व्यातला डेल्टा तारा पकडला. हा तारा भरभर चढतो आणि रेंगाळत उतरतो, सुमारे पाच दिवस नऊ तासांत एक फेरी. ग्रहणाने असे होणार नाही, ते दोन्ही बाजूंनी सारखे असते. तिकडे हर्शेलने आपल्या मोठ्या दुर्बिणीतून पाहिले, तर अल्गोल त्याला स्वच्छ एकटाच दिसला, सोबती कुठेच नाही. अशा नोंदी जमत गेल्या तसा गुडरिकचा कल डागांकडे झुकला. बरोबर उत्तर हातात असून त्याने ते बाजूला ठेवले. मला यात त्याची हार दिसत नाही. वही जे सांगत होती, त्याच्या पुढे जायला तो तयार नव्हता.

एप्रिल १७८६ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला आपला फेलो निवडले. त्याच महिन्याच्या वीस तारखेला तो वारला. न्यूमोनिया झाला होता. थंडीच्या रात्री उघड्या खिडकीशी घालवल्याने तो जडला, असे तेव्हापासून सांगितले जाते. वेधवहीची सारी कारकीर्द पाच वर्षांचीही नाही.

अल्गोलचा निकाल लागायला आणखी शंभर वर्षे गेली. १८८९ मध्ये जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या हेर्मान फोगेलने ताऱ्याच्या प्रकाशाचे वर्णपट तपासून दाखवले की अल्गोल ठरलेल्या लयीत आपल्याकडे येतो आणि दूर जातो; कुणीतरी त्याला फिरवत आहे. ग्रहणाची कल्पना खरी ठरली. फक्त झाकणारा तो ग्रह नव्हता. तो दुसरा, फिकट पण आकाराने मोठा तारा होता. गुडरिकच्या डेल्टा ताऱ्याची कथा वेगळी. तो स्वत:च फुगतो आणि आक्रसतो. अशा ताऱ्यांच्या कालावधीचा त्यांच्या खऱ्या तेजाशी असलेला संबंध १९१२ मध्ये अमेरिकेच्या हेन्रिएटा लेविट यांनी पक्का केला आणि त्यावरून दीर्घिकांची अंतरे मोजता आली. लेविट यांनाही ऐकू येणे कमी कमी होत गेले होते.

ग्रहाची पिगटची शंका अल्गोलच्या बाबतीत चुकली, पण पद्धत चुकली नव्हती. १९९९ मध्ये सूर्यासारख्या एका दूरच्या ताऱ्याचा प्रकाश दर साडेतीन दिवसांनी सुमारे दीड टक्क्याने उतरतो हे आढळले. तिथे खरोखरच ग्रह आड येत होता. १६ सप्टेंबर २००० रोजी फिनलंडमधल्या न्यूरोला गावच्या हौशी मंडळींनी चाळीस सेंटिमीटरच्या दुर्बिणीने तोच उतार टिपला. २००६ मध्ये जाहीर झालेला एक्सओ-१बी हा ग्रह तर व्यावसायिक शास्त्रज्ञ आणि हौशी निरीक्षक यांच्या संयुक्त कामातून सापडला. हवाईतल्या पर्वतावर कॅमेऱ्याच्या भिंगांनी आकाश चाळायचे आणि संशयित तारे अमेरिका-युरोपातल्या हौशी लोकांनी आपापल्या परसातून तपासायचे, अशी ती विभागणी होती. २०१२ मध्ये चार ताऱ्यांच्या एका कुटुंबातला ग्रह सापडला. त्याचा उतार, केपलर या अवकाश दुर्बिणीच्या नोंदी घरी बसून नजरेखाली घालणाऱ्या स्वयंसेवकांनी हेरला होता. परग्रहांच्या यादीने २०२२ च्या मार्चमध्ये पाच हजारांचा आकडा ओलांडला.

आमच्या तरुण मित्राने मला आणखी एक गंमत दाखवली. २०१८ मध्ये सोडलेल्या टेस या अवकाश दुर्बिणीचे डोळे रुंद आहेत, पण बारीक नाहीत. तिच्या चित्रातल्या एका ठिपक्यात कित्येक तारे मिसळतात. त्या ठिपक्याचा प्रकाश उतरला की ग्रह असेल अशी आशा वाटते, आणि पुष्कळदा निघते काय? शेजारी दडलेली, अल्गोलसारखी एकमेकांना झाकणारी ताऱ्यांची जोडी. मग जमिनीवरच्या लहान दुर्बिणींनी नेमका कोणता तारा उतरला ते पाहायचे. या कामात हौशी लोकही आहेत. पद्धतही तीच: शेजारचे स्थिर तारे माप म्हणून धरायचे आणि त्यांच्याशी तुलना करायची. डोळ्याच्या जागी कॅमेरा आला एवढेच. ग्रह की दुसरा तारा, हा यॉर्कच्या दोघा मित्रांचा प्रश्न आजही रोज रात्री कुठल्यातरी गच्चीवर विचारला जातो. सापडलेल्या ग्रहांच्या वेळाही पुन:पुन्हा तपासाव्या लागतात, नाहीतर ती चार मिनिटांची चूक साठत जाते. युरोपच्या एरियल या नियोजित मोहिमेसाठी हे काम चालू आहे आणि त्यातही हौशी निरीक्षकांचा वाटा आहे.

आपल्या भाषेत हौशी या शब्दाला थोडा कमीपणा चिकटलेला आहे. हौशी नट म्हणजे पाठांतर कच्चे, असे आपण गृहीत धरतो. गुडरिकला या कामाचा छदाम मिळाला नाही आणि त्याची एकही रात्र कच्ची नव्हती.

आता माझी बाजू. त्या ३१ डिसेंबरनंतर वरिष्ठ कार्यालयाने, वेळेत ताळेबंद पाठवणाऱ्या शाखांची दखल घेतली आणि फरक कसा सापडला त्याचा अहवाल मागवला. अहवाल मी लिहिला. नऊचा ठोकताळा लिहिला, उलटलेले आकडे लिहिले. चिठोरा लिहिला नाही. शाबासकीचे पत्र माझ्या नावाने आले. त्याच वर्षीच्या गोपनीय अहवालात त्या क्लार्कबद्दल मी, काउंटरवर बसवण्यास अयोग्य, एवढा एकच शेरा मारला. शेरा खोटा नव्हता. अपुरा होता, आणि तो अपुरा ठेवणारा मीच होतो. त्यांनी कधी काही दर्शवले नाही. माझी बदली झाली त्या दिवशी त्यांनी लेजरच्या चाव्या माझ्याकडून मोजून घेतल्या आणि पोचपावतीवर सही केली. पाच-सहा वर्षांपूर्वी त्या गावी गेलो तेव्हा कळले की ते वारले. त्यांच्या घरी मी गेलो नाही. काय सांगणार होतो?

गेल्या डिसेंबरात एका रात्री अल्गोलचे ग्रहण आमच्या गावातून सोयीच्या वेळी दिसणार होते. नेहमी तो देवयानीतल्या अलमाक या ताऱ्याच्या बरोबरीने तेजस्वी असतो. पुरा उतरला की जवळच्याच एका फिकट ताऱ्याएवढा होतो. तेजाचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. उतरायला पाच तास लागतात, चढायला पाच. मी कानटोपी घालून गच्चीत बसलो आणि जुन्या लेजरच्या सवयीने दर अर्ध्या तासाने वहीत लिहीत गेलो. साडेआठ: अलमाकपेक्षा किंचित फिका. नऊ: स्पष्ट फिका. अकराला तो तळाशी होता. त्या रात्री शाखेत चिठोरा समोर आला, तेव्हाही घड्याळात अकराच वाजत होते.

वहीत त्या नोंदीखाली मी त्या क्लार्कचे पूर्ण नाव लिहिले आणि पुढे तारीख घातली: ३१ डिसेंबर १९८५. नाव इथे छापत नाही, कारण त्यांची परवानगी घेण्याची वेळ मी घालवली आहे. ही नोंद चाळीस वर्षे उशिरा पडली. बँकेत अशी नोंद चालत नाही, हे मला ठाऊक आहे.